नारिंगी टॉर्च, १२ नग: हार्ड ॲनोडायझिंग, साधं ॲनोडायझिंग की सेराकोट?

कडेलोट

१८६५० सेलच्या (१८ मिमी जाड लिथियम-आयन सेल) छोट्या टॉर्चच्या १२ बॉड्या सीएनसीवर करून घ्यायच्यात. बाहेरचा व्यास २४ मिमी, लांबी ९० मिमी, बोअर (आतलं आरपार भोक) १९ मिमी, दोन्ही टोकांना एम२२×१ चे बाहेरचे आटे. डोकं आणि मागची टोपी वेगळी, त्यांना आतले आटे. मधे नर्लिंग (पकडीसाठी खरबरीत खाचा), डोक्यावर उष्णता टाकायला पाच फिन, क्लिपसाठी बॉडीवर एम२ ची दोन बंद भोकं. मटेरिअल ६०६१-टी६ ॲल्युमिनिअम.

ट्रेकला वापरायच्या, म्हणून रंग भडक नारिंगी हवा. कारवीत पडली तरी दिसली पाहिजे. खिशात किल्ल्या, घाम, पावसाळा, कातळावर आपटणं, सगळं सोसलं पाहिजे. भोसरीत तिघांना विचारलं. एक म्हणतो हार्ड ॲनोडायझिंग (आम्लात वीज लावून ॲल्युमिनिअमवर त्याच्याच ऑक्साइडचा कडक थर वाढवणं) करून वर नारिंगी रंग देतो, दुसरा पावडर कोटिंग (रंगाची पावडर भट्टीत वितळवून), तिसरा सेराकोट (सिरॅमिक मिसळलेला, भाजून पक्का केलेला रंग). नग थोडे, त्यामुळे भावाची फार चिंता नाही. ड्रॉइंग अजून शॉपला दिलेलं नाही. काय घ्यावं?

धातुगाठ

ड्रॉइंग दिलेलं नाही हे बरं झालं. फिनिश ड्रॉइंगवरच ठरवायचं असतं. माल तयार झाल्यावर ठरवलं की आटे अडकतात.

पहिल्याने जे कबूल केलंय त्यातलं एकच काहीतरी मिळेल: हार्ड किंवा नारिंगी. हार्ड ॲनोडायझिंग ० ते ५ अंशांच्या सल्फ्युरिक आम्लात, दर चौरस डेसिमीटरला २.५ ते ४ अँपिअर लावून करतात. थर साधारण २५ ते ५० मायक्रॉन. हा थर स्वतःच रंगीत असतो. ६०६१ वर २५ मायक्रॉनला हिरवट-राखाडी, ५० ला गडद करडा. त्यावर नारिंगी डाय (थरात मुरणारा रंग) टाकला की विटेसारखा तपकिरी रंग दिसतो. काळा मात्र झकास बसतो, म्हणून बाजारातल्या बहुतेक 'हार्ड' टॉर्च काळ्या किंवा करड्या.

नारिंगी उठून दिसायला थर पारदर्शक हवा. तो साध्या ॲनोडायझिंगचा: १८ ते २० अंश, लिटरला १८० ग्रॅमच्या आसपास आम्ल, १.२ ते १.६ अँपिअर प्रति चौ. डेसिमीटर, थर १५ ते २५ मायक्रॉन. कडकपणा ढोबळमानाने २०० ते ३०० विकर्स, हार्डचा ३५० ते ५००.

कोणी 'हार्ड नारिंगी' दाखवलाच तर जाडी मोजायला सांगा. बहुतेक वेळा १५ मायक्रॉनचा साधाच थर असतो.

काळा_कातळ

टिकाऊ म्हणजे कशाविरुद्ध टिकाऊ, हे आधी वेगळं करा.

किल्ल्या पितळेच्या असतात, दीडशे विकर्सच्या आसपास. नीट सील केलेल्या (थराची छिद्रं बंद केलेल्या) साध्या ॲनोडायझिंगलाही त्या ओरखडत नाहीत, उलट पितळच थरावर घासून पिवळी रेघ उमटते. ती रबराने पुसली जाते. खिशाच्या तळाशी साचलेली वाळू हा खरा शत्रू. क्वार्ट्झ हजार विकर्सच्या पुढे, त्यापुढे हार्डही टिकत नाही. बेसॉल्टमधला फेल्डस्पार मोहच्या मापावर ६, तोही हार्ड थराला खरवडतो.

आपटण्याचं गणित तर आणखी निराळं. थर कितीही कडक असला तरी खालचं ॲल्युमिनिअम मऊच. कातळावर कड आपटली की धातू दबतो आणि वरचा थर फुटतो. याला उपाय थरात नाही, आकारात आहे: कडा गोल करा. ऑक्साइड पृष्ठभागाला काटकोनात वाढतं, त्यामुळे धारदार कडेवर दोन बाजूंच्या थरांमधे फट राहते आणि तिथूनच टवका उडतो. अमेरिकी सैनिकी मानकात २५ मायक्रॉनसाठी ०.८ मिमी आणि ५० मायक्रॉनसाठी १.६ मिमी त्रिज्या सुचवलेली आहे. फिनच्या टोकांना एवढं जमणार नाही, पण ०.३ तरी द्या. 'कडा मोडा' असं मोघम लिहिलं तर ऑपरेटर फाइल फिरवून मोकळा होतो.

झळाळी

पावडर कोटिंगला कुणी हात का लावत नाही? नारिंगी हवा तसा मिळतो, ६०-८० मायक्रॉनचा जाड थर, स्वस्त. फक्त टॉर्च तापेल, प्लास्टिकचं कव्हर घातल्यासारखं होईल, एवढीच अडचण.

धातुगाठ

तापण्याचा मुद्दा सगळीकडे ऐकू येतो, पण आकडे मांडून बघा. बाहेरचं क्षेत्रफळ ८० चौ. सेमी धरा, थर ७० मायक्रॉन, पावडरची उष्णतावाहकता ०.२. पाच वॉट उष्णता बाहेर पडत असेल तर थराच्या आतल्या-बाहेरच्या तापमानात फरक पडतो जेमतेम पाव अंश. बॉडी आणि हवा यांच्यातला फरक मात्र साठेक अंशांचा. अडथळा हवेचा आहे, रंगाचा नाही. शिवाय उघडं चकचकीत ॲल्युमिनिअम उष्णता फारच कमी उत्सर्जित करतं. रंग किंवा ॲनोडायझिंग असलं की उत्सर्जन कितीतरी पटींनी वाढतं, म्हणजे थर दिल्याने टॉर्च किंचित गारच राहते.

पावडर नको त्याची कारणं दुसरी. नर्लिंग भरून जातं, पकड जाते. फिनच्या खाचांत पावडर पोचत नाही, कारण विद्युतभार कडांवर एकवटतो आणि पावडर तिकडेच ओढली जाते. भट्टीत वितळली की त्याच कडांवरून मागे सरकते, तिथे थर पातळ. एकदा टवका उडाला की त्या जागेतून घाम थराखाली शिरतो आणि पापुद्रे सुटतात. गेटला, सायकलला उत्तम. २४ मिमीच्या टॉर्चला नाही.

आटेदार

आट्यांकडे कोणी बघितलंच नाही अजून.

ॲनोडायझिंगचा थर अर्धा धातूत शिरतो, अर्धा बाहेर वाढतो, हे हार्डचं. साध्यात साधारण एक तृतीयांश बाहेर. ६० अंशांच्या आट्यात बाहेर जेवढं वाढतं त्याच्या चौपट पिच व्यास (आट्यांच्या दातांच्या मध्याशी मोजलेला) बदलतो. बॉडीचे आटे फुगतात, टोपीचे आकुंचन पावतात, म्हणजे जोडीत आठपट.

दोन्हीकडे ५० मायक्रॉनचा हार्ड असेल तर वाढ २५, गुणिले ८, म्हणजे ०.२ मिमी. एम२२×१ ला नेहमीच्या ६जी/६एच बसणीत (आट्यांच्या मापांचे ठरलेले दर्जे; बाहेरच्यांना लहान इंग्रजी अक्षर, आतल्यांना कॅपिटल) कमीत कमी ढिलाई असते २६ मायक्रॉन. टोपी फिरणारच नाही. साध्या २० मायक्रॉनलाही वाढ ६.७ गुणिले ८, म्हणजे ५३. तेही २६ मधे मावत नाही. बाहेरचे आटे ६ई ने पाडले तर ६० मिळतात, मग जमतं.

कोणी चौकोनी छापाचे, ३० अंशांचे ट्रॅपेझॉइडल आटे सुचवेल, ते टॉर्चमधे छान चालतातही. पण तिथे चौपटीच्या जागी ७.७ पट धरावं लागतं.

ड्रॉइंगवर 'सर्व मापे थर देण्यापूर्वीची' की 'थरानंतरची' हे लिहिलंच पाहिजे. न लिहिल्यास शॉप एक धरतं, प्लेटिंगवाला दुसरं. आणि आट्यांना थर नकोच असं मात्र करू नका. ॲल्युमिनिअमवर ॲल्युमिनिअम कोरडं फिरलं की आटे चावतात, एकदा धरले की कापूनच काढावे लागतात.

कडेलोट

फार उपयोगी. मग आटे ॲनोडाइज झाले तर करंट कुठून जाणार? बॉडी हीच निगेटिव्ह वाट आहे.

आटेदार

टोकांच्या तोंडातून. मागची रिंग-प्लेट बॉडीच्या मागच्या तोंडावर दाबून बसते, पुढचं तोंड ड्रायव्हरच्या (एलईडी चालवणारं सर्किट) कड्यावर. ही दोन तोंडं उघडी, बाकी सगळं झाकलेलं. फायदा असा की टोपी पाव फेरा सैल केली की सर्किट तुटतं, सॅकमधे चुकून पेटत नाही.

तोंडं उघडी ठेवायचा खात्रीचा मार्ग: ०.२ मिमी जास्त ठेवून ॲनोडाइज करा, मग लेथवर तोंड घ्या. सॉफ्ट जॉ (मऊ धातूचे जबडे) वापरा, नाहीतर नवा थर जबड्यातच खराब होतो. पहिलाच कट थराच्या खालून जाईल इतका खोल घ्या. वरवर घासत बसलं की ऑक्साइड कार्बाइडची धार खाऊन टाकतं. उघड्या तोंडांना त्रिसंयुजी क्रोमेट द्या, वीज वाहते आणि घामाने पांढरी पावडर धरत नाही.

रॅकचा (टाकीत माल टांगायची चौकट) चिमटा जिथे टेकतो तिथे थर येत नाही. तो याच तोंडांवर टेकवा, त्या जागा नंतर कापल्याच जाणार आहेत. प्लेटिंगवाले सवयीने बोअरमधे आतून स्प्रिंगचा चिमटा लावतात. दिसत नाही, पण इथे तो नकोच. सेलचं वेष्टन फाटलं आणि सेलचा धातूचा डबा त्या उघड्या ठिपक्याला लागला, तर मागचा स्विच बायपास होतो आणि टॉर्च बंदच होत नाही. बोअर आतून पूर्ण ॲनोडाइज हवा.

रंगपेटी

नारिंगीबद्दल थोडं, कारण तक्रारी इथेच येतात.

डाय ऑक्साइडच्या छिद्रांत शिरतो. ५५-६० अंश, पीएच ५.५ च्या आसपास, १० ते १५ मिनिटं. बाथ थंड ठेवला तर थर घट्ट येतो पण छिद्रं बारीक, रंग कमी घेतो. २३-२४ अंशांच्या वर गेला तर रंग पटकन घेतो, पण थर मऊ, नखाने घासलं की खडूसारखा निघतो. रंग चटकन चढला म्हणून खूश होऊ नये. उन्हाळ्यात चिलर पुरा पडत नाही तिथे नेमकं हेच होतं.

नारिंगी सेंद्रिय डाय, उन्हात उडतो. प्रकाशस्थैर्याचं माप १ ते ८ असतं, विचारून ७ किंवा ८ चा घ्या. 'नेहमीचा ऑरेंज' म्हणाले तर डब्यावरचं नाव बघायला मागा.

सीलिंग सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत जास्त घाईत उरकलेलं. उकळत्या पाण्याने करायचं तर ९६ अंशांच्या वर, दर मायक्रॉनला दोन-तीन मिनिटं, म्हणजे २० मायक्रॉनला पाऊण तास ते तासभर. पाणी डीआयोनाइज्ड. बोअरवेलच्या पाण्यातलं सिलिकेट आणि फॉस्फेट सीलिंग बिघडवतं. रंगीत मालाला मी निकेल ॲसिटेटचं सील सुचवीन, रंग पाण्यात उतरत नाही.

आणि तुमची ती एम२ ची बंद भोकं! आम्ल तिथे अडकतं, डायच्या टाकीत हळूहळू पाझरतं आणि भोकाखाली पांढरे ओघळ उठतात. नारिंगीवर ते लांबून दिसतात. सिलिकोनचे प्लग लावा, किंवा डायच्या आधी ५ टक्के खाण्याच्या सोड्यात बुडवून भोकांत पाण्याचा जोर मारायला सांगा. क्लिप भोकांऐवजी खाचेत अडकणारी करता आली तर प्रश्नच मिटला.

काळा_कातळ

+१. शिवाय बॉडी, डोकं, टोपी तिन्ही एकाच रॉडमधून कापा आणि एकाच रॅकवर लावा. दुकानात '६१ दे' म्हटलं की कधी एचई३० हा दुसराच ॲल्युमिनिअम मिश्रधातू हातात पडतो. तोही ॲनोडाइज चांगला होतो, पण शेजारी ठेवला की छटा वेगळी. एचई१५ आला तर संपलंच, त्यात तांबं आहे, थर मऊ आणि पिवळट येतो. टेस्ट सर्टिफिकेट घ्या.

झळाळी

पावडर मागे घेतो. सेराकोटचं काय? नारिंगी तर त्यातही आहे. आणि इलेक्ट्रोलेस निकेल (विजेशिवाय रसायनाने चढवलेला), पीव्हीडी (निर्वातात वाफेतून बसवलेला थर)?

धातुगाठ

पीव्हीडी इथे सोडा. दोन-तीन मायक्रॉनचा अतिकडक थर मऊ ॲल्युमिनिअमवर म्हणजे गादीवर काच. स्टेनलेस किंवा टायटॅनिअम बॉडी असती तर पहिली पसंती तीच. इलेक्ट्रोलेस निकेल आट्यांतही एकसारखा बसतो, वीज वाहतो, पण रंग स्टीलचाच, आणि निकेलची ॲलर्जी असणाऱ्याच्या हातात नको.

सेराकोट खरा पर्याय आहे. सिरॅमिकयुक्त पॉलिमर, २५ मायक्रॉनपर्यंत, रंग अगदी भडक. त्याचं यश तयारीवर: ॲसिटोनमधे बुडवून तेल काढणं, भट्टीत तापवून नर्लिंगमधलं उरलेलं तेल बाहेर आणणं, १०० ते १२० ग्रिटच्या ॲल्युमिनिअम ऑक्साइडने ब्लास्टिंग, त्यानंतर उघड्या हाताने अजिबात न धरणं. एच मालिकेचा १२१ अंशांना दोन तास भाजतात, म्हणून ओ-रिंग, काच, एलईडी आत नकोत. हा थर सगळा बाहेरच वाढतो, आटे आणि ओ-रिंगची खाच झाकावी लागते. नर्लिंगच्या टोकांवर वर्ष-दोन वर्षांत घासला जाणार हे धरून चाला.

सर्वांत दणकट नारिंगी हवा तर खाली २५ मायक्रॉनचा सील न केलेला हार्ड, त्यावर हलकं ब्लास्टिंग करून सेराकोट. रंग घासला तरी खालून करडा हार्ड दिसतो, उघडं ॲल्युमिनिअम नाही. खर्च मात्र दोन प्रक्रियांचा आणि दोन दुकानांच्या खेपांचा.

रंगपेटी

आणखी एक वाट आहे. मार बसतो डोक्याला आणि टोपीला. ती दोन हार्ड, नैसर्गिक करड्या रंगात. बॉडी साध्या ॲनोडायझिंगमधे नारिंगी. दोन रंग मुद्दामच वेगळे, त्यामुळे छटा जुळवायची कटकटही जाते. करड्या हार्डवर ओरखडा उठला तरी धातूच्या रंगाशी फार विरोध दिसत नाही, नारिंगीवर तोच ओरखडा लगेच डोळ्यात भरतो.

हार्डला सील करू नका किंवा अगदी थोडं करा. सील केल्याने गंज कमी, पण झिजेला थर कमकुवत होतो.

पाणकळा

घरी करता येईल का हे? बॅटरीचं आम्ल मिळतं, पॉवर सप्लाय आहे.

धातुगाठ

साधं ॲनोडायझिंग होतं, हार्डच्या नादी लागू नका. आतलं-बाहेरचं मिळून एका बॉडीचं क्षेत्रफळ दीड चौ. डेसिमीटर धरा, म्हणजे सव्वादोन अँपिअर स्थिर करंट. दर मिनिटाला, दर अँपिअर प्रति चौ. डेसिमीटरला ०.३ मायक्रॉन. १.५ वर पाऊण तासात २० मायक्रॉन. बॅटरीचं आम्ल निम्म्याला निम्मं पातळ करायचं, आम्ल पाण्यात ओतायचं, उलट कधीच नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोराइड खड्डे पाडतं, डिस्टिल्ड वापरा. पाच लिटरच्या बादलीत एका जॉबला आम्ल चार-पाच अंश तापतं, त्यात बर्फाच्या बंद बाटल्या सोडा. हायड्रोजन सुटतो आणि आम्लाचे तुषार उडतात, त्यामुळे उघड्यावर, चष्मा लावून. वापरलेलं आम्ल सोड्याने उदासीन केल्याशिवाय मोरीत नको.

पण १२ एकसारखे नारिंगी नग बादलीत होत नाहीत. एखादा तुकडा करून बघायला ठीक.

आटेदार

आणि बिघडलं तर कॉस्टिकने थर काढून पुन्हा करू, हे गृहीत धरू नका. ऑक्साइड जाताना त्याच्या पोटातला धातू आधीच खर्ची पडलेला असतो, वर कॉस्टिक उघडं ॲल्युमिनिअमही खातं. एका फेरीत आटे ढिले जाणवतात, दुसऱ्या फेरीत ओ-रिंग पाणी अडवत नाही. १२ हवेत तर १४ कापा.

कडेलोट

ठरलं. रंगपेटींची दोन रंगांची कल्पना घेतो. क्लिप खाचेत बसवतो, बंद भोकं रद्द. ड्रॉइंगवर असं लिहितोय:

बॉडी: ६०६१-टी६, ग्लास बीड ब्लास्ट, साधं ॲनोडायझिंग २० ± २ मायक्रॉन, नारिंगी, निकेल ॲसिटेट सील. डोकं व टोपी: त्याच रॉडमधून, हार्ड ३० ± ५, नैसर्गिक, सील नाही. बाहेरचे आटे ६ई, आतले ६एच, मापे थरापूर्वीची. रॅकचा संपर्क फक्त बॉडीच्या तोंडांवर.

माल आल्यावर काय तपासू?

काळा_कातळ

एडी करंटच्या मीटरने जाडी, प्रत्येक नगावर नर्लिंग सोडून तीन ठिकाणी. मल्टिमीटर: आटे आणि बोअर दाद देता कामा नयेत, दोन तोंडांमधे शून्याच्या जवळ ओहम. सीलसाठी पर्मनंट मार्करची रेघ मारून पाच मिनिटांनी स्पिरिटने पुसा. डाग राहिला तर सील झालेलं नाही. हे फक्त नारिंगीवर, हार्ड सील केलेला नसल्याने तिथे डाग राहणारच. जास्तीच्या नगांपैकी एकाला अर्ध्या भागात फॉइल गुंडाळून महिनाभर गच्चीत ठेवा, रंगाचं खरंखोटं कळतं.

ब्लास्टिंगचे मणी नवे असू द्या असंही लिहा. लोखंडाच्या जॉबवर वापरलेले असले तर लोहकण रुततात आणि तिथे थरात काळे ठिपके पडतात.

आटेदार

कडेलोट, आट्यांची ओळ बदला. आता जोडी मिश्र झाली आहे. बॉडीचा थर जास्तीत जास्त २२, वाढ ७.३, चौपट २९. डोक्याचा जास्तीत जास्त ३५, वाढ १७.५, चौपट ७०. बेरीज ९९, तुमच्याकडे ढिलाई ६०.

आतले आटे ६एच ऐवजी कॅपिटल जी चे ६जी करा, आणखी २६ मिळून ८६ होतात. मग बॉडी १५ ते २० आणि हार्ड २५ ± ३ लिहा. जास्तीत जास्त थर धरला तरी बेरीज ८३ येते, टोपी फिरेल. '± २' बारा नगांच्या लॉटला तसंही कोणी पाळत नाही. फिरवताना सिलिकोन ग्रीस चालेल, फक्त ओ-रिंग नायट्रिलची असू द्या. सिलिकोनची असली तर त्याच ग्रीसने फुगते.